जाळी अँबॅसिडरची, पाठ लँडमास्टरची

प्रश्न थोडक्यात असा. गडहिंग्लजजवळच्या एका गावात जुन्या घराच्या गोठ्यात आजोबांची गाडी तीसेक वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे. घरातले तिला लँडमास्टर म्हणतात. गावातले एक निवृत्त ड्रायव्हर छातीठोकपणे सांगतात, ही अँबॅसिडर, मार्क टू. मध्यंतरी एक गिऱ्हाईक येऊन गेलं. त्यानं बॉनेट उघडलं आणि म्हणालं, ‘इंजिन बदललंय, जनरेटरचं काहीतरी बसवलंय, भंगाराच्या भावात देणार असाल तर बघू.’ प्रश्न विचारणाऱ्यानं इंटरनेटवर शोधलं, तर गिऱ्हाइकाचंच खरं वाटायला लागलं. लँडमास्टर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज टू, आणि तिला १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन असं तिथं लिहिलंय. यांच्या इंजिनाला तर वर कव्हरच नाही, प्लग हेडवर सरळ उभे आहेत. सोबत तीन फोटो आहेत: गाडीचं तोंड, मागची बाजू आणि इंजिन. ‘गाडी कुठली, आणि इंजिन मूळचं आहे का?’

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात इंजिनकाम करतो. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग. तीस वर्षं उलटून गेली. जुन्या गाड्यांचा नाद त्याच्या आधीपासूनचा. त्यामुळं निकाल आधी सांगतो आणि कारणं मागून. गाडी लँडमास्टर आहे, यात मला फारशी शंका नाही. इंजिन त्या गाडीला शोभणारंच आहे, जनरेटरचं नाही. पण हेच इंजिन याच गाडीत बसून कारखान्यातून बाहेर पडलं का, हे फोटोवरून मी सांगू शकत नाही, आणि कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

तुम्ही एक प्रश्न विचारलाय असं तुम्हाला वाटतं, पण ते तीन आहेत. बॉडी कुठली? इंजिन कुठल्या जातीचं? आणि या दोघांची जोडी मूळची का? पहिल्या दोहोंची उत्तरं डोळ्यांनी मिळतात. तिसऱ्याला नंबर लागतात आणि कागद लागतात. गिऱ्हाइकानं दुसऱ्या प्रश्नाचं चुकीचं उत्तर काढलं आणि ते तिसऱ्याला चिकटवून भाव पाडला.

आता बॉडीचं बघू. ड्रायव्हर मामांना हसू नका, त्यांनी जे दिसलं ते बरोबर ओळखलं. समोर बारीक चौकटींची जाळी आहे, आणि ती १९६२-६३च्या सुमारास आलेल्या अँबॅसिडर मार्क टूचीच. पण तो फोटो मोठा करून जाळीची वरची कड बघा. डावीकडं बॉनेट आणि जाळी यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट आहे, उजवीकडं जाळी बॉनेटला जवळपास टेकलीय. खालची पट्टी दोन तुकड्यांची आहे, आणि जोडावरचा वेल्डिंगचा मणी घासायचीसुद्धा तसदी कुणी घेतलेली नाही. कारखान्यातून गाडी अशी येत नाही. कधीतरी समोरून ठोकर बसली, मूळची जाळी गेली, आणि मेस्त्रीनं मिळाली ती बसवली. १९७०-८०च्या दशकात लँडमास्टरची जाळी शोधत कोण फिरणार? अँबॅसिडरची कुठंही मिळायची.

म्हणून गाडी ओळखताना मी पुढून कधीच सुरुवात करत नाही. जाळी, बंपर, दिवे, बॅज, चाकांच्या टोप्या हे सगळं स्क्रूवर आणि नट-बोल्टवर बसतं, एका दुपारी बदलता येतं. त्यातही बॅज सगळ्यात बेभरवशाचा, तो तर लहान पोरंही काढून नेतात. छताचा उतार, मागच्या काचेची चौकट, मागची मडगार्डं कुणी हौसेनं बदलत नाही, कारण ते बदलायचं म्हणजे अर्धी गाडी कापायची.

तुमच्या दुसऱ्या फोटोत मागची मडगार्डं गोल उतरत जाऊन संपतात. वर कड नाही, पंख नाही. अँबॅसिडर ही ऑक्सफर्ड सिरीज थ्रीवरून आली, आणि तिच्या मागच्या मडगार्डांच्या शेवटाला लहानसे पंख वर निघतात. अमेरिकन गाड्यांच्या शेपटांची तेव्हा फॅशन होती, तिचा तो इंग्रजी, बेताचा अवतार. तुमच्या गाडीला ते नाहीत. आता बॉनेट बघा. सुरुवातीच्या अँबॅसिडरच्या बॉनेटवर दोन्ही बाजूंना लांब खोलगट पन्हळी असतात. तुमचं बॉनेट गुळगुळीत आणि गोल आहे. बॉनेटही बदलता येतं, त्यामुळं नुसत्या त्यावर मी पैज लावणार नाही. पण बॉनेट आणि पाठ दोन्ही एकच गोष्ट सांगतायत, आणि वेगळं बोलतेय ती फक्त जाळी, जिचं वेल्डिंग आपण आत्ताच बघितलं. हिंदुस्तान मोटर्सनं लँडमास्टर १९५४ ला आणली आणि १९५७-५८ ला तिची जागा अँबॅसिडरनं घेतली. म्हणजे साल या तीन-चार वर्षांतलं.

यात एक खोच आहे. या गाडीला जीपसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते. बॉडी हीच चासी. म्हणून बॉडी लँडमास्टरची ठरली की गाडी लँडमास्टर ठरली. जीपच्या बाबतीत हे चालत नाही, आणि तिथं मी स्वतः कसा तोंडावर आपटलो ते पुढं सांगतो.

आता इंजिन. हा भाग नीट समजून घ्या, कारण गिऱ्हाइकाशी बोलताना हाच कामाला येणार आहे.

व्हॉल्व्ह, म्हणजे हवा-पेट्रोल आत आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, कुठं बसलेत, यावरून इंजिनाचा चेहरा ठरतो. ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिनात व्हॉल्व्ह हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावरच्या भागात, असतात, त्यांना दाबणारे रॉकर हेडच्या वर असतात, आणि ते झाकायला पत्र्याचं लांब कव्हर असतं, ज्याला आपण सगळे टॅपेट कव्हर म्हणतो. तेल ओतायचं झाकण बहुधा त्याच्यावरच. प्लग हेडच्या बाजूनं आत जातात, आणि मॅनिफोल्ड, म्हणजे कार्बोरेटर आणि सायलेन्सरकडं जाणारे नळ, हेडलाच बोल्टनं बसलेले असतात. साइड व्हॉल्व्ह इंजिनात व्हॉल्व्ह खालच्या ब्लॉकमध्येच, म्हणजे ज्यात सिलिंडर असतात त्या ठोकळ्यात, सिलिंडरच्या शेजारी, तोंड वर करून उभे असतात. मग हेडमध्ये उरतं काय? काहीच नाही. ते नुसतं लोखंडाचं जाड झाकण. वरून बघितलं तर सपाट पाटासारखं, कडेनं आणि मधून नटांच्या रांगा, आणि त्यात प्लग उभे ठोकल्यासारखे. मॅनिफोल्ड हेडला नसून खाली ब्लॉकला लागलेले. तुमचा तिसरा फोटो मी माझ्या दुकानातल्या नव्या पोराला दाखवला. त्यानं आयुष्यात असलं इंजिन बघितलं नव्हतं. तो म्हणाला, ‘मामा, ह्याचं वरचं कव्हर काढून ठेवलंय काय?’ तुमच्या गिऱ्हाइकाचंही तेच झालं असावं. छोटी साइड व्हॉल्व्ह इंजिनं पूर्वी पंपांना आणि जनरेटरना असायची, तेवढं त्याच्या डोक्यात, म्हणून जनरेटर.

मग इंटरनेटवर १४८९ सीसी ओव्हरहेड व्हॉल्व्ह का लिहिलंय? तेही खोटं नाही, पण ते इंग्लंडच्या गाडीचं आहे. तिथल्या सिरीज टूला बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी-सिरीज इंजिन होतं. आपल्याकडं हिंदुस्तान मोटर्सनं बॉडी नवी घेतली आणि इंजिन आधीच्या गाडीचंच चालू ठेवलं: १४७६ सीसी, साइड व्हॉल्व्ह. हेच इंजिन त्याआधी हिंदुस्तान फोर्टीनला होतं, म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड एमओला. एवढंच काय, पहिल्या अँबॅसिडरही याच इंजिनावर निघाल्या, आणि १९५९ ला अँबॅसिडरला १४८९ सीसीचं ओव्हरहेड मिळालं. म्हणजे इंग्रजी माहितीप्रमाणं तुमचं इंजिन ‘चुकीचं’ आणि भारतातल्या गाडीसाठी तेच बरोबर. उलट तुमच्या लँडमास्टरमध्ये टॅपेट कव्हर असलेलं इंजिन दिसलं असतं, तर मी म्हणालो असतो की बदललंय.

याला जोडून एक साधा हिशेब सांगतो. या गाड्या म्हातारपणी माझ्याकडं यायच्या तेव्हा मालकाची मागणी एकच असायची: जुनं काढा, अँबॅसिडरचं ओव्हरहेड टाका, नाहीतर सरळ डिझेल टाका. जास्त ताकद, सुटे भाग कुठंही, आणि कुठल्याही मेस्त्रीला येतं. ओव्हरहेड काढून कुणी जुनं साइड व्हॉल्व्ह बसवल्याचं मी एकदाही बघितलेलं नाही. उलटा बदल फायद्याचा नसतो, म्हणून कुणी करत नाही. जुन्या गाडीत जुनंच इंजिन दिसलं की ते मूळचं असण्याची शक्यता आपोआप वाढते.

वाढते म्हणालो, ठरते म्हणालो नाही. कारण एक वाट मोकळी राहते. कुणीतरी मोडीत निघालेल्या हिंदुस्तान फोर्टीनचं इंजिन यात घातलेलं असू शकतं. जात तीच, मापं तीच, फोटोत दोन्ही सारखीच दिसणार. तिथं माझी नजर संपते आणि नंबर सुरू होतो.

नंबराकडं जाण्याआधी मोजमापाचं सांगतो, कारण पुढचं गिऱ्हाईक पट्टी घेऊन येईल. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव. १४७६चं माप बोअर ७३.५ आणि स्ट्रोक ८७ मिलिमीटर. १४८९चं बोअर ७३ च्या जवळपास आणि स्ट्रोक ८८.९. बोअरमध्ये अर्ध्या मिलिमीटरचा फरक, म्हणजे बोअर मोजून काहीच कळत नाही. त्यात साठ-सत्तर वर्षांच्या इंजिनाचं बोअरिंग एकदा-दोनदा झालेलंच असतं: वीस थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), चाळीस थाउ, साठ थाउ, आणि शेवटी स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, ठोकून परत मूळ माप. आम्हीच केलेली कामं ती. स्ट्रोक मात्र आम्हाला वाढवता-कमी करता येत नाही. क्रँक कितीदाही ग्राइंड केला तरी त्याचा झोक तोच राहतो, पिस्टन तेवढाच वर-खाली जातो. म्हणून इंजिन ओळखायचं तर स्ट्रोक मोजायचा. ओव्हरहेडला प्लगच्या भोकातून तार सोडून तो अंदाजानं मोजता येतो. तुमच्यात तसं करायला जाऊ नका. साइड व्हॉल्व्हमध्ये प्लग बहुतेक व्हॉल्व्हच्या बाजूला येतो, तार पिस्टनवर न टेकता व्हॉल्व्हवर टेकते, आणि माणूस भलताच आकडा घेऊन भांडत बसतो. हेड उतरेल तेव्हा मोजू. त्याआधी, तीस वर्षं उभं असलेलं इंजिन हँडल मारून फिरवायचा मोह टाळा. प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं तेल सोडा आणि आठवडाभर विसरून जा.

आता नंबर. इथं शंभरातले नव्वद लोक फसतात. ब्लॉकवर दोन तऱ्हेचे आकडे असतात. एक वर उठलेले, दुसरे आत ठोकलेले. वर उठलेले आकडे ओतकामातले. आपल्या कोल्हापुरात फौंड्रीत काम केलेला माणूस प्रत्येक गल्लीत सापडेल, त्याला विचारा. पॅटर्नवर, म्हणजे वाळूत ठसा उमटवायच्या नमुन्यावर, जे अक्षर असतं ते वाळूत उमटतं आणि कास्टिंगवर, म्हणजे ओतलेल्या भागावर, उठून येतं. त्या पॅटर्नवरून निघालेल्या प्रत्येक ब्लॉकवर तोच आकडा. तो कास्टिंगचा पार्ट नंबर, इंजिन नंबर नव्हे. आरसी बुकातला नंबर त्याच्याशी जुळत नाही म्हणून घाबरून फोन करणारे मला दर महिन्याला एक-दोन भेटतात. खरा इंजिन नंबर मशीन मारून सपाट केलेल्या छोट्या जागेवर पंचनं ठोकलेला असतो, आणि प्रत्येक इंजिनाचा वेगळा असतो.

ती जागा शोधायला ब्लॉकची बाजू रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्यानं भिजवून ठेवा. अर्ध्या तासानं प्लास्टिकच्या ब्रशनं घासा. ग्राइंडर तर लांबच ठेवा, तारेचा ब्रशही नको. नंबरची जागा ग्राइंडरनं चकचकीत झालेली दिसली की आरटीओला पहिला संशय तिथंच येतो. माती निघाली की खडू आडवा फिरवा, खोल गेलेली अक्षरं उठून दिसतील. मग पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा. आरटीओवाले नंबरची छाप घेतात तशीच. या छापेत आणखी एक गोष्ट कळते. कारखान्यात ठोकलेले आकडे साधारण एका रेषेत आणि एका खोलीचे असतात, गल्लीत ठोकलेले नाचतात. पण नुसतं नाचण्यावरून निकाल देऊ नका, दमलेला कामगार कारखान्यातही असतोच.

फायरवॉलवर, म्हणजे बॉनेटखालच्या आडव्या पत्र्यावर, कंपनीची पाटी असायला हवी. तिचे रिव्हेट बघा. पाटी जुनी आणि रिव्हेट नवे चकचकीत, किंवा रिव्हेटच्या जागी स्क्रू, असं असेल तर पाटी कधीतरी निघालीय. निघाली म्हणजे लबाडीच असं नाही, रंगकामाच्या वेळीही काढतात. पण मला ते कळवा.

आता माझी फजिती. बरीच वर्षं झाली. कागलकडच्या एका ओळखीच्यांनी जीपचा फोटो पाठवला. ‘वडील म्हणायचे, दुसऱ्या महायुद्धातली फोर्डची जीप आहे. खरं काय?’ मी फोटोत जाळीच्या फटी मोजल्या. सात. मिलिटरीच्या जीपला नऊ फटी असतात, सात फटी नागरी जीपच्या, हे मला तोंडपाठ. शिवाय बॉनेटला मधोमध एक फुगवटा वेल्डिंग करून काढलेला. मी फटकन सांगितलं, ‘युद्धाबिद्धातली काही नाही, नंतरची आहे, कुणीतरी बॉनेटशी खेळ केलाय.’ ते बिचारे गप्प बसले. सहा महिन्यांनी तीच जीप हेडच्या कामाला माझ्याकडं आली. आडवा होऊन खाली शिरलो तर पुढची आडवी चासी पट्टी चौकोनी, उलट्या पन्हाळीसारखी. युद्धातल्या जीप विलिज आणि फोर्ड या दोन कंपन्यांच्या; विलिजच्या युद्धातल्या जीपला तिथं गोल पाइप असतो. चौकोनी पट्टी फोर्डची, म्हणजे जीपीडब्ल्यू या फोर्डच्या युद्धातल्या जीपची. मग बॅटरी घेऊन बोल्ट बघत सुटलो, तर दोन जुन्या बोल्टांच्या डोक्यावर ‘एफ’ अक्षर. फोर्ड आपल्या बोल्टांवरसुद्धा एफ ठोकायची. चासी युद्धातली होती. वडील खरं बोलत होते. जाळी आणि बॉडी नंतर बदललेली.

आणि तो फुगवटा? तोही पुरावाच होता, मी उलटा वाचला. आत महिंद्राच्या सीजे थ्री बी जीपचं हरिकेन इंजिन होतं. हे साइड आणि ओव्हरहेडच्या मधलं: आत येणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये, बाहेर जाणारे ब्लॉकमध्ये. त्यामुळं वर कव्हरही दिसतं आणि सायलेन्सरचा मॅनिफोल्ड मात्र खाली ब्लॉकलाच. विलिजच्या जुन्या साइड व्हॉल्व्हपेक्षा ते उंच, म्हणून थ्री बीचं बॉनेट कंपनीनंच उंच केलं. बुटक्या बॉनेटखाली ते मावेना म्हणून मेस्त्रीनं पत्रा कापून फुगवटा काढला होता. त्या मालकांना मी चहा पाजला आणि माफी मागितली. तेव्हापासून जीप म्हटली की आधी गाडीखालचे फोटो मागवतो, तोंडाचे मागून.

परदेशी माहितीच्या जाळ्यात अडकायची आणखी एक जागा म्हणजे प्लायमाउथ, डॉज, डीसोटो. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर या गाड्या जोडायची. डीसोटो डिप्लोमॅट नावाची जी गाडी परदेशात विकली जायची ती अंगानं प्लायमाउथच, तोंड तेवढं डीसोटोचं. त्यांचं सहा सिलिंडरचं साइड व्हॉल्व्ह इंजिन दोन लांब्यांत येतं. अमेरिकेतल्या प्लायमाउथ-डॉजचं हेड साधारण २३ इंची, क्रायस्लर-डीसोटोचं आणि कॅनडात ओतलेलं २५ इंची. प्लायमाउथमध्ये २५ इंची हेड दिसलं की अमेरिकन पुस्तक वाचलेला माणूस ‘बदललं’ म्हणतो. आधी ते कॅनडाचं नाही ना, हे बघावं. तिथं नंबरच्या आधीची अक्षरंही बोलकी असतात. पी १५ म्हणजे १९४६ ते ४८ची प्लायमाउथ. आणि टीनं सुरुवात असेल तर इंजिन ट्रकचं. एका गृहस्थांनी ‘एकदम ओरिजिनल’ म्हणून घेतलेल्या गाडीवर टी २१४ निघालं होतं. ते युद्धातल्या डॉज मिलिटरी गाडीचं. गाडी सुरेख चालायची, पण ओरिजिनल या शब्दाचे त्यांनी वेगळे पैसे मोजले होते.

आणि कारखान्यांनीच मिसळ केली तिथं मेस्त्रीला कशाला दोष द्यायचा? १९८५ ला आलेली प्रीमियर ११८ एनई बघा: बॉडी फियाट १२४ची, इंजिन निस्सानचं, ११७१ सीसी. त्याच काळातली स्टँडर्ड २००० तर अजब. अंगावर रोव्हरची आधुनिक बॉडी, आणि पोटात स्टँडर्ड व्हॅनगार्डच्या घराण्यातलं जुनं इंजिन. त्याच घराण्यातलं इंजिन फर्ग्युसन ट्रॅक्टरलाही होतं. उसाच्या पट्ट्यातल्या आमच्या जुन्या मेस्त्र्यांना ते इंजिन बघून आधी ट्रॅक्टरच आठवायचा.

फियाटवाल्यांचे प्रश्न याच्या मागोमाग येतातच, म्हणून दोन ओळी. पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे मागच्या कडेला बिजागरी, तर ती जुनी मिलेचेंतो, म्हणजे फियाट ११००, आपली डुक्कर फियाट. १९६४च्या डिलाइटपासून दरवाजे सरळ झाले. मग थोडा काळ प्रेसिडेंट हे नाव, आणि १९७४ पासून पद्मिनी. इंजिन मात्र तेच १०८९ सीसी, त्यामुळं इंजिन बघून साल काढायला जाऊ नका. अंधारात बॉनेटखाली हात घालायची वेळ आली तर फियाटला मिलिमीटरचे पाने लागतात आणि अँबॅसिडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाला इंची, एवढ्यावरूनही मला जात कळते. आणि डिझेल टाकलेली गाडी ओळखणं सगळ्यात सोपं: प्लगच्या वायरी नाहीत, डिस्ट्रिब्युटर नाही, बाजूच्या पंपातून प्रत्येक सिलिंडरला एकेक पोलादी नळी.

परत तुमच्या गाडीकडं येतो. आरसी बुक सापडलं तर त्यातल्या दोन गोष्टी तपासा. त्यावरची तारीख नोंदणीची असते, गाडी बनल्याची नव्हे. गाडी काही महिने शोरूमला पडून राहिलेली असू शकते. आणि इंजिन बदलून त्याची नोंद केली असेल तर ती बुकात असते. नोंद नाही म्हणून बदल झाला नाही, असं मात्र धरू नका. आरटीओला न सांगता किती इंजिनं बदलली गेली, हे उद्यमनगराला विचारा.

हा सगळा खटाटोप केवळ हौसेचा नाही. केंद्र सरकारनं २०२१ ला व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी त्यात बसते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते, पुढच्या नोंदणीला ५,०००. धंद्यासाठी अशी गाडी वापरता येत नाही. तुमची गाडी वयानं केव्हाच पात्र आहे. इंजिन बुकाशी जुळलं तर तुमच्या हातात काय आहे याची कल्पना त्या गिऱ्हाइकाला नाही. नसेल जुळत, तरीही योग्य जातीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन अंगभर शाबूत आहे, ही काही भंगाराची गोष्ट नाही. किंमत किती, हे मात्र मी फोटोवरून सांगणार नाही. पत्रा खालून किती खाल्लाय यावर निम्मं ठरतं, आणि गोठ्यातली गाडी म्हटल्यावर मला तीच धास्ती आहे. जनावरांच्या मुतानं पत्रा असा सडतो की वरून रंग दिसतो आणि बोट लावलं की आरपार.

तेव्हा पुढचे फोटो असे काढा. मोबाइलचा फ्लॅश बंद, दिवसाउजेडी, गोठ्याचं दार उघडून. मागून, पण कमरेच्या उंचीवरून, दोन्ही मडगार्डं एका फोटोत येतील असा. मागच्या काचेची चौकट आतून. फायरवॉलवरची पाटी, रिव्हेटसकट. इंजिनाच्या दोन्ही बाजू, मॅनिफोल्ड ब्लॉकला लागलेत ते दिसेल असे. गाडीखालचे चार, चारही चाकांच्या मागून. आणि ती पेन्सिलची छाप. तोपर्यंत काहीही घासू नका, रंगवू नका, ती जाळीही काढू नका.

मूळ जाळीबद्दल मात्र एक करा. आजोबांच्या पिढीला वस्तू टाकून द्यायची सवय नव्हती. गोठ्याच्या माळ्यावर, कडब्याच्या मागं, जुन्या नांगराच्या फाळांत, मधमाशा नाहीत ना ते बघून, एकदा हात घाला. वाकलेला, काळा पडलेला क्रोमचा तुकडा हाताला लागला तर तो घासायच्या आधी त्याचाही फोटो पाठवा.